पडून राहिलेलं हृदय

घरात कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला किंवा एखाद्या गर्भारशीला जरा थकवा वाटला, की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो: 'आता पूर्ण आराम. अंथरुणातून उठायचं नाही.' सांगण्यामागे माया असते. पण दिवसच्या दिवस पडून राहिलेल्या शरीराचं, विशेषतः हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे गेल्या साठ वर्षांत नीट तपासलं गेलं आहे. त्या तपासणीला मोठा हातभार लावला तो अंतराळवीरांनी. त्यांच्याविषयीही आपल्या मनात बरेच गैरसमज आहेत, म्हणून आधी ते.

'अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं.' असतं, आणि भरपूर असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर फिरतं. तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के आहे. पण स्थानक आणि त्यातली माणसं एकत्रच पृथ्वीभोवती सतत 'पडत' असतात, त्यामुळे वजन जाणवत नाही. हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते हेच, रक्ताला वजन उरत नाही.

जमिनीवर उभ्या माणसाच्या हृदयाजवळ रक्तदाब सरासरी 100 असेल, तर डोक्याशी तो 70च्या आसपास आणि पावलांशी 200पर्यंत असतो. आपण उठून उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या महारोहिणीतल्या दाब ओळखणाऱ्या चेता तत्काळ मेंदूला कळवतात, नाडी वाढते, पायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आपल्याला चक्कर येत नाही. दिवसातून कितीतरी वेळा हा व्यायाम आपल्या नकळत होत असतो. अंतराळात तो पूर्ण बंद होतो. दाब डोक्यापासून पायांपर्यंत जवळपास सारखा होतो, पायांतला एक ते दोन लिटर द्रव वर सरकतो. चेहरा सुजतो, पाय बारीक होतात.

'रक्त वर चढल्यामुळे हृदयावर ताण येतो.' शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. जून 1991मध्ये 'कोलंबिया' यानातून गेलेले हृदयरोगतज्ज्ञ ड्रू गॅफ्नी यांनी हे स्वतःवर तपासलं. हातातल्या शिरेतून हृदयाच्या जवळपर्यंत एक बारीक नळी सरकवून ते उड्डाणाला निघाले. अपेक्षा अशी, की हृदयात येणाऱ्या शिरांतला दाब वाढेल. प्रत्यक्षात वजनरहित अवस्थेत तो उतरला. आणि तरीही हृदयाच्या कप्प्यात रक्त अधिक भरत होतं. छातीच्या पिंजऱ्यावर आणि आतल्या अवयवांवर एरवी असलेला भार नाहीसा झाल्याने हृदयाभोवतीचा दाब कमी झाला आणि त्याला फुलायला जागा मिळाली, असा याचा अर्थ लावला जातो. एका कुशल डॉक्टरने स्वतःच्या शिरेत नळी घालून जाणं ही मला या सगळ्या इतिहासातली अतिशय धाडसी गोष्ट वाटते. पुस्तकातलं एक पक्कं अनुमान त्या एका मोजणीने मोडलं.

शरीर पुढे जे करतं त्याला आजार म्हणता येत नाही. छातीत रक्त जास्त आहे असं कळल्यावर शरीर ते कमी करतं. काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, 10 ते 15 टक्क्यांनी घटतो. तहानही कमी लागते. कमी रक्त, कमी जोर, म्हणून काही आठवड्यांत हृदयाचे स्नायूही थोडे रोडावतात. तिथे राहण्यासाठी हा बदल अगदी योग्य असतो. अडचण येते ती परतीला.

'परतलेल्या अंतराळवीरांना उभं राहता येत नाही, कारण पायांत शक्ती नसते.' पायांचे स्नायू कमजोर होतात हे खरं, पण ते अर्धंच कारण. उभं राहिल्यावर जे रक्त पायांत उतरायचं ते उतरतं, पण एकूण रक्तच कमी असतं आणि नाडी-रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद मंदावलेला असतो. मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. 1970 साली सोव्हिएत संघाच्या सोयुझ-9 यानातून 18 दिवसांनी उतरलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव्ह यांना उचलूनच न्यावं लागलं होतं. आज अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात, परतताना मीठ-पाणी घेतात, पायांना आवळून धरणारे कपडे घालतात, उतरल्यावर गरज पडल्यास सलाईन घेतात. त्यामुळे परिस्थिती खूप सुधारली आहे. सहा महिने स्थानकावर राहून आलेल्या बारा जणांचा अभ्यास 2019मध्ये प्रसिद्ध झाला. परतल्यानंतरच्या रोजच्या वावरात त्यांतल्या कोणालाही मूर्च्छा आली नाही.

हे सगळं अंथरुणाशी जोडलं जातं, कारण अंतराळात माणसं पाठवणं महाग आणि संख्या मोजकी. म्हणून संशोधक निरोगी स्वयंसेवकांना पलंगावर झोपवतात, तेही डोक्याकडची बाजू 6 अंश खाली ठेवून. जेवण, आंघोळ, शौच, सगळं आडवंच. जर्मनीत कोलोन आणि फ्रान्समध्ये तुलूझ इथे असे प्रयोग दोन-दोन महिने चालतात. मॉस्कोत 1986-87मध्ये काही पुरुष 370 दिवस असे राहिले. प्लाझ्मा घटणं, नाडी वाढणं, उभं राहिल्यावर चक्कर, हृदयाचं वजन घटणं, सगळं अंतराळासारखंच दिसतं. म्हणजे अंतराळात जे घडतं ते आपल्या घरातल्या खोलीतही घडतं, फक्त ते आपण 'आराम' समजत असतो.

'पडून राहण्याने काही बिघडत नाही, झाला तर फायदाच.' या समजाने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

1966 साली अमेरिकेत डॅलस इथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर ठेवण्यात आलं. पूर्ण जोर लावून काम करताना शरीर जितका प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता सुमारे 27 टक्क्यांनी घसरली. मुख्य कारण असं, की हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलत होतं. तीस वर्षांनी त्याच पाचही जणांना पुन्हा तपासलं. वाढलेलं वय, वाढलेलं वजन, सगळं धरूनही तीस वर्षांत झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली. वीस वर्षांच्या मुलाला तीन आठवडे झोपवून तीस वर्षांच्या वार्धक्यापेक्षा जास्त अशक्त करता येतं, ही गोष्ट मला वाचताना आजही हादरवते. पण याच प्रयोगात आशेचीही बाजू आहे. पन्नाशीत त्या पाच जणांनी सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम केला आणि त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परतली.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा-सहा आठवडे बिछान्यात ठेवण्याची पद्धत एके काळी सर्वमान्य होती. 1952मध्ये बॉस्टनच्या डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवण्याचे परिणाम मांडले. बसल्यावर काही रक्त पायांत उतरतं आणि हृदयाचा भार हलका होतो, हे त्यांचं कारण. रुग्ण सुधारत होते. 1999मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात 39 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. पंधरा वेगवेगळ्या परिस्थितींत बेडरेस्टचा लक्षणीय फायदा एकाही बाबतीत दिसला नाही, काहींत मात्र रुग्णांची प्रकृती बिघडली. गर्भारपणात मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठी सरसकट झोपवून ठेवू नये, असंच अमेरिकेतील स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही सांगते.

रक्ताच्या गाठीचा धोका वेगळाच. पायांच्या पोटऱ्या आवळल्या-सैलावल्या की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. पडून राहिलं की ते साचतं आणि गोठू शकतं. अंतराळात तर मानेतल्या शिरेत हा प्रकार दिसला: 2019मध्ये आलेल्या अभ्यासात अकरापैकी सहा अंतराळवीरांच्या डाव्या बाजूच्या शिरेत प्रवाह थांबलेला किंवा उलटा आढळला, एकाला गाठही झाली.

'मग भरपूर पोहलं किंवा व्यायाम केला की झालं.' पूर्ण खरं नाही. बेन्वा लेकोंत या पोहणाऱ्याने 2018मध्ये पॅसिफिक महासागरात 159 दिवसांत 2821 किलोमीटर अंतर कापलं. रोज सरासरी पावणेसहा तासांहून जास्त पोहूनही त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वजन घटलं. अंतराळवीर स्कॉट केली 340 दिवस स्थानकावर होते आणि नियमित व्यायाम करत होते, त्यांचंही घटलं, आणि आठवड्याला घटण्याचा वेगही जवळपास तोच. पाण्यात आडवं राहिलं की रक्ताला उभ्या खांबाचं वजन उरत नाही, आणि ते वजन पेलणं हीच हृदयाची रोजची हजेरी असते. दोघांच्याही हृदयाचं काम मात्र बिघडलेलं नव्हतं. घट थांबवायची तर भारी आणि जोरकस व्यायामही लागतो, दीर्घ पण संथ हालचाल पुरत नाही.

'चंद्रावर जाऊन आलेले हृदयविकारानेच जातात' हा 2016मधल्या एका अभ्यासानंतर पसरलेला समज तर फारच थोड्या आकड्यांवर उभा आहे. त्या अभ्यासात चंद्राकडे जाऊन आलेल्यांचे सातच मृत्यू होते आणि त्यांतले तीन हृदयविकाराचे. एवढ्यावर अंतराळातल्या किरणोत्साराला दोषी ठरवता येत नाही, आणि नंतरच्या तपासण्यांतही तसं ठाम दिसलेलं नाही.

घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर डॉक्टरांना 'किती दिवस आराम?' एवढंच विचारू नका. 'कधी बसवायचं, कधी उभं करायचं, कधी चालवायचं?' हेही विचारा. काही आजारांत आणि काही शस्त्रक्रियांनंतर विश्रांती खरोखरच लागते, तो निर्णय त्यांचा. परवानगी मिळाली की आधी काठावर पाय सोडून काही मिनिटं बसवा, नाडी स्थिरावू द्या, डोळ्यांसमोरची अंधारी निवळू द्या, मग आधार देऊन उभं करा. पडून असताना पावलं आणि घोटे हलवायला सांगा. एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा अचानक धाप लागली, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या.