चौथ्या गेटावरचा हिशेब

टिळकवाडीकडचा पत्ता सांगताना बेळगावकर रेल्वेची गेटं मोजतात. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि अनगोळचं ते चौथं. सकाळी अनगोळातून उद्यमबागेतल्या कारखान्यांकडे निघालेल्या दुचाकी इथं येऊन थबकतात. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं रूळ टाकले तेव्हा अनगोळ हे शेतीवर जगणारं वेगळं खेडं होतं. पुढं शहर वाढत वाढत रूळ ओलांडून गेलं.

फाटक पडतं. रूळ मात्र रिकामे. "गाडीचा पत्ता नाही की हो, आत्ताच कशाला पाडलं?" रांगेतलं कुणीतरी हमखास विचारतं. उत्तर पोलादात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर अगदी कमी घर्षणानं फिरतं. म्हणून एक इंजिन हजारो टन ओढून नेतं आणि म्हणूनच वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकतं. ड्रायव्हरला पुढची वाट मोकळी असल्याचं तितकं आधी कळायला हवं. इंटरलॉक केलेल्या फाटकाला कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. आपण थांबतो ते आधी गाडीच्या ब्रेकसाठी!

आता रांगेकडं बघा. समजा, मिनिटाला 10 गाड्या येतात आणि फाटक 4 मिनिटं बंद आहे. 40 गाड्या अडकल्या, प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी 2 मिनिटं; एकूण 80 मिनिटं. फाटक 8 मिनिटं बंद राहिलं तर? 80 गाड्या, सरासरी 4 मिनिटं, एकूण 320. वेळ दुप्पट झाला आणि ताटकळणं चौपट! लांबलचक मालगाडी आली की सगळ्यांचे चेहरे का पडतात, ते या गुणाकारात आहे.

फाटक उघडतं, तरी मागची मंडळी जागची हलत नाहीत. पुढचा सुटल्यावरच मागच्याला वाट मिळते. त्यामुळं गाड्या पुढं निघतात आणि 'सुटलो' ही बातमी रांगेतून उलटी, मागं सरकते. तिचा वेग तासाला साधारण 15 ते 20 किलोमीटर. 300 मीटरच्या शेपटापर्यंत पोचायला तिला जवळजवळ मिनिट लागतं. 1955 मध्ये लाइटहिल आणि व्हिटम या गणितज्ञांनी हे सूत्रात बसवलं. त्याच जोडीनं त्याच वर्षी, त्याच गणितानं नदीच्या पुराची लाटही मांडली होती.

मग फाटकाऐवजी पूल कुठं बांधायचा, हे ठरवायला रेल्वेचा आणखी एक गुणाकार आहे. दिवसभरातल्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. 40 रेल्वेगाड्या आणि 2,500 वाहनं म्हणजे झाले एक लाख. आकडा लाखावर गेला की पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा उचलायचा, ही जुनी रीत. या मोजणीत मोटारीला एक गुण, रिक्षाला अर्धा. आणि बैलगाडीला? पुरा एक!

येळ्ळूरकडच्या शिवारातून एखादी बैलगाडी या रांगेत येऊन उभी राहिली, की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून हैराण होतो. वाजवू दे बापडा. रेल्वेच्या वहीत पुढचा गाडीवान त्याच्या दुप्पट आहे.