आधी कोण, मग कोण?

पवईच्या आयआयटी मुंबईत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीवर ‘फॉसी’ हा प्रकल्प चालतो. महागडी लायसन्स न परवडणाऱ्या कॉलेजांना आणि अभियंत्यांना खुली, फुकट सॉफ्टवेअर मिळावीत, हा त्याचा उद्देश. तिथे घडलेले ‘ओस्डॅग’ हे सॉफ्टवेअर पोलादी बांधकामातले सांधे आणि तुळया ‘आयएस ८००:२००७’ या भारतीय मानकानुसार डिझाइन करून देते. ते पायथनमध्ये लिहिलेले आहे. खिडक्या आणि बटणे ‘क्यूटी’ या लायब्ररीची, सांध्याचे फिरवून पाहता येणारे चित्र ‘ओपन कॅस्केड’ या दुसऱ्या लायब्ररीचे. म्हणजे आयकॉनवर डबल-क्लिक केल्यापासून खिडकी दिसेपर्यंत वेगवेगळ्या घरच्या या मंडळींना ठरावीक क्रमानेच जागे व्हावे लागते. डेस्कटॉप सॉफ्टवेअर सुरू होता होताच का कोसळते, याचे उत्तर पुष्कळदा या क्रमात सापडते. माझे म्हणणे असे, की क्रमाची ही चूक निष्काळजीपणाची कमी आणि मांडणीची जास्त असते.

काही नियम निदान तोंडावर बोलतात. क्यूटीत ‘क्यूॲप्लिकेशन’ ही वस्तू सर्वांत आधी तयार व्हावी लागते. फॉन्ट, पडद्याची माहिती, माउस-कीबोर्डच्या हालचालींची रांग, सगळे तिच्याकडे. तिच्याआधी एखादे साधे बटण जरी बनवले, तरी प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडतो आणि ‘क्यूविजेटच्या आधी क्यूॲप्लिकेशन बनवा’ असे सुनावून जातो. ओपन कॅस्केड पायथनमधून वापरण्यासाठी ‘पायथनओसीसी’ आहे; त्याच्या नमुना-प्रोग्रॅममध्ये उलटाच क्रम दिसतो. तिथे खिडकी आधी दाखवतात आणि चित्र काढणारे यंत्र मग सुरू करतात, कारण त्या यंत्राला ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेली खरीखुरी खिडकी हातात हवी असते. ‘सगळी तयारी करा, मग पडदा उघडा’ हे व्यवहारज्ञान इथे चालत नाही.

खरा त्रास न बोलणाऱ्या नियमांचा. समजा, एका खिडकीत तुळईचा छेद निवडायला ड्रॉपडाउन आहे आणि निवडलेल्या छेदाचे वजन दाखवायला खाली एक लेबल. निवड बदलली की लेबल बदलावे, एवढाच कोड. क्यूटीत रिकाम्या ड्रॉपडाउनमध्ये पहिली नोंद, म्हणजे ‘आयएसएमबी ३००’, घातली की ती आपोआप निवडली जाते आणि ‘निवड बदलली’ असा सिग्नल सुटतो. सिग्नल आधीच त्या कोडला जोडलेला असेल आणि लेबल अजून जन्माला आले नसेल, तर वापरणाऱ्याने माउसला हातही न लावता प्रोग्रॅम कोसळतो. खिडक्या बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या ‘डब्ल्यूपीएफ’ या साधनामध्ये स्लायडरला सुरुवातीची किंमत दिली आणि तिचा आकडा दाखवणारी चौकट मांडणीच्या फाइलमध्ये त्याच्या खाली असली, तर हेच घडते. चौकटीची ओळ वर नेली की दुखणे गायब! मग कोणीतरी मांडणी नीट दिसावी म्हणून ती ओळ पुन्हा खाली आणतो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्या ओळीच्या जागेत एक अट लपली होती?

वस्तू बांधून होणे आणि ती वापरायला देणे ही दोन कामे एकात कालवली, की हे होते. बोरिवली-मुलुंडच्या रीडेव्हलपमेंटमध्ये इमारत उभी राहिली तरी ओसी, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, यायची असते, तसेच हे. साधने बनवणाऱ्यांना हा भेद फार पूर्वी कळलेला आहे. ‘नेक्स्ट’ या कंपनीच्या प्रणालीत, आणि पुढे ॲपलकडे, खिडकीतले सगळे भाग एकमेकांना जोडून झाल्यावरच ‘अवेकफ्रॉमनिब’ ही हाक येते. क्यूटीच्या डिझायनरमध्ये केलेल्या मांडणीवरून पायथनसाठी जो कोड तयार होतो, त्यात नावांवरून सिग्नल जोडणारी ओळ ‘सेटअपयूआय’ या फंक्शनच्या अगदी शेवटी असते.

यावर कोणी म्हणेल, लेबल आहे का ते तपासा आणि नसेल तर गप्प बसा. त्याने कोसळणे थांबते, पण पहिल्या छेदाचे वजन कोरेच राहते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट पडद्यापेक्षा बंद पडलेला प्रोग्रॅम मला बरा वाटतो. दुसरा तोडगा टायमरचा: अर्धा सेकंद थांबा, मग भरा. लिहिणाऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर तो चालतो, कॉलेजच्या जुन्या लॅबमध्ये चालेलच असे नाही. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. बांधणी आणि तयारी वेगळी केली, की मधल्या काळात अर्धवट वस्तू कोणाच्या तरी हाती लागू शकते. म्हणून वस्तू जन्मतःच पूर्ण हवी, असे जाणते प्रोग्रॅमर सांगतात. आकडेमोडीच्या भागाला हे शंभर टक्के लागू आहे. छेदाची माहिती, मानकातली सूत्रे जन्मतःच पुरी असावीत. खिडकीचे तसे होत नाही, कारण तिच्या काही गरजा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती असतात. तिथे दोन्ही पायऱ्या एकाच फंक्शनच्या पोटात ठेवाव्यात आणि बाहेरच्याला तयार खिडकीच द्यावी.

व्यवहारात याचा अर्थ असा: आधी सगळे भाग बनवायचे, मग याद्या भरायच्या, मग सिग्नल जोडायचे आणि लेबल भरणारे फंक्शन पहिल्या वेळी स्वतःच एकदा बोलवायचे. त्रिमितीय चित्र असेल, तर ते सुरू करणारी ओळ खिडकी दाखवल्यानंतर येते; ती वर सरकवायचा मोह पुढच्या माणसाला होणारच, म्हणून कारण तिथेच कॉमेंटमध्ये लिहून ठेवावे.