तेलात फिरणारे दोन पंखे

बालमित्रांनो, आज एक सोपा प्रयोग करून पाहू. पण घरातलं मोठं माणूस सोबत हवं, बरं का! जाळी असलेले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकाची पिन काढून टाका आणि दुसरा सुरू करा. काय दिसतं? बंद पंख्याची पातीही हळूहळू फिरू लागतात! दोघांमध्ये ना साखळी, ना पट्टा. जोर पोचवला तो वाऱ्याने.

या गमतीचा मोटारीशी काय संबंध? सांगतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात, महामार्गावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. १९८२ साली सुरू झालेल्या या कारखान्यात गिअरबॉक्स तयार होतात. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पण बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना क्लचचं पेडलच नसतं. तिथे या जागी आपले दोन पंखे बसवलेले असतात. फक्त ते वाऱ्यात नाही, तेलात फिरतात. याचं नाव टॉर्क कन्व्हर्टर. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर.

एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चक्र. परत येणाऱ्या तेलाला ते योग्य दिशेला वळवतं. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना जोर जवळजवळ दुप्पट होतो. फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली ही युक्ती काढली, तीही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी!

आता खरा प्रश्न. अमेरिकेसारख्या देशांत काही हौशी लोक गाडीला जास्त ताकदीचं इंजिन बसवतात आणि तीच गाडी रोज रस्त्यावरही वापरतात. अशा गाडीला कोणता कन्व्हर्टर घ्यावा?

त्यासाठी 'स्टॉल स्पीड' हा आकडा पाहतात. ब्रेक दाबून गाडी जागेवर धरली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या फेऱ्यांवर जाऊन अडतं, तो स्टॉल स्पीड. साध्या गाडीत तो मिनिटाला साधारण २००० फेऱ्या असतो. शर्यतीच्या गाडीत ४००० च्याही वर जातो. शर्यतीच्या इंजिनाला कमी फेऱ्यांवर दमच नसतो ना! सुटतानाच त्याला वरच्या फेऱ्यांवर पोचू द्यावं लागतं.

मग मोठ्या आकड्याचाच घ्यावा? इथेच पुष्कळ जण फसतात. प्रयोगातला बंद पंखा जरा दूर सरकवून पाहा. तो मंद झाला ना? मोठ्या स्टॉल स्पीडचा कन्व्हर्टर असाच सैल असतो. रस्त्यावर इंजिन २००० फेऱ्यांवर चालतं, तेव्हा त्यात तेल नुसतंच घुसळतं आणि तापतं. पेट्रोल वाया जातं. तेल फार तापलं की गिअरबॉक्सही जळतो आणि हौस महागात पडते.

म्हणून आधी चार गोष्टी पाहायच्या: इंजिन कितव्या फेरीपासून जोर धरतं, गाडीचं वजन किती, चाकांकडचा गिअर कसा आहे आणि रोजच्या चालीत फेऱ्या किती असतात. तोच कन्व्हर्टर जास्त ताकदीच्या इंजिनामागे लावला, तर त्याचा स्टॉल स्पीडही वाढतो. त्यामुळे 'मित्राच्या गाडीत मस्त चालला' हे कारण पुरत नाही. रस्त्यावरच्या गाडीला लॉक-अप क्लच असलेला कन्व्हर्टर उत्तम. गाडी एका चालीत धावू लागली की तो दोन्ही पंखे एकमेकांना जखडतो, मग घसर उरत नाही. जोडीला तेल थंड ठेवणारा कूलरही हवा.

आमच्या शाळेत काही मुलं दादाची मोठी सायकल आणतात. दांड्याखालून पाय घालून चालवतात आणि उतारावर आपटतात. सायकल वाईट नसते, मापाची नसते. यंत्राचंही तसंच.

आणि मोठं झाल्यावर एक लक्षात ठेवा. नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येईल तसे बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मनाई आहे. शर्यत लावायची तर ती शर्यतीच्या ट्रॅकवर. महामार्गावरून शाळेला जाणारी मुलंही चालत असतात, नाही का?