चार मोटरी की एकच मोठी?

हाय-पॉवर मॉडेल रॉकेटमध्ये मोटरींचा क्लस्टर दिसतो झोकदार, पण तेवढाच जोर एका मोठ्या मोटरीतून मिळत असेल तर तीच घ्यावी. प्रत्येक मोटर पेटण्याची खात्री 95 टक्के धरली, तरी चारही पेटण्याची शक्यता सुमारे 81 टक्क्यांवर येते. त्यात अमोनियम परक्लोरेटच्या मोटरी काळ्या दारूसारख्या झटकन पेटत नाहीत. एखादी मागे राहिली की जोर एका बाजूला पडतो आणि रॉकेट तिरकं जातं.

कुणी म्हणेल, सॅटर्न-1चं काय? 1964 मध्ये त्याच्या आठपैकी एक इंजिन मध्येच बंद पडलं, तरी ते कक्षेत पोहोचलंच. खरंय, पण त्याची बाहेरची इंजिनं वळवता येत होती. आपल्याकडे फक्त स्थिर पंख! क्लस्टर करायचाच, तर मधली मोटर एकटीच रॉकेट सुरक्षित वर नेईल अशी निवडा.