दिवे मालवल्यावर यलोस्टोन

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले वाचक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. यलोस्टोनला जायचं नक्की झालेलं असतं. तिथे गाईडसोबतची एक सहल असते. ती संध्याकाळी सुरू होते, आधी प्राणी दाखवतात, मग तारे, आणि परतायला मध्यरात्र होते. दिवसभर गरम पाण्याचे झरे आणि गायझर (मधूनमधून उसळणारे गरम पाण्याचे फवारे) पाहून झाल्यावर या सहलीसाठी वेगळे पैसे मोजावेत का? माझं उत्तर आहे, जरूर मोजावेत. वेळ कमी असेल तर दोन गायझर वगळा, पण ही संध्याकाळ वगळू नका. दिवसाचं यलोस्टोन छायाचित्रांतूनही बरंचसं कळतं. रात्रीच्या यलोस्टोनसाठी आपला स्वतःचा डोळाच तिथे न्यावा लागतो, आणि तो डोळा अंधारात काय करू शकतो हे शहरात वाढलेल्या माणसाने सहसा अनुभवलेलंच नसतं.

आधी जागेबद्दल थोडं. १ मार्च १८७२ रोजी जाहीर झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश मुख्यतः वायोमिंग राज्यात आहे. गरम झरे, चिखलाची उकळती कुंडं, वाफेची भोकं आणि गायझर मिळून इथे दहा हजारांहून अधिक ठिकाणी जमीन उष्णता बाहेर टाकते. जगातल्या सक्रिय गायझरांपैकी जवळजवळ निम्मे एवढ्या जागेत आहेत. आपल्याकडचे वज्रेश्वरीचे किंवा उन्हवऱ्याचे झरे वेगळ्या जातीचे. तिथे पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खालच्या खडकांनी तापतं आणि वर येतं. यलोस्टोनच्या खाली मात्र खरोखर शिलारसाचा साठा आहे.

म्हणूनच या उद्यानाची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा ‘महाज्वालामुखी जागा होतोय’ अशा मथळ्याखाली. त्या मथळ्यांना आधार नाही. तिथले महाउद्रेक सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झाले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार एखाद्या वर्षी तसा उद्रेक होण्याची शक्यता ७ लाख ३० हजारांत एक इतकी आहे. त्या साठ्याचा बराचसा भाग आज घन खडकच आहे. खरा धोका अगदी पायाजवळचा असतो. लाकडी पायवाटेच्या बाहेर जमिनीचा पातळ पापुद्रा असतो आणि त्याखाली उकळतं पाणी. त्या पाण्यात भाजून आजवर वीसहून अधिक माणसं दगावली आहेत. २३ जुलै २०२४ रोजी बिस्किट बेसिन भागात जमिनीखालच्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन स्फोट झाला आणि पायवाटेची मोडतोड झाली. अंधारात वाट माहीत असलेला माणूस सोबत हवा, तो यासाठी.

प्राणी आधी आणि तारे नंतर, हा सहलीचा क्रम अक्षांशाने ठरवून दिला आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की आकाश पुरतं काळं होतं. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे जूनमध्येसुद्धा सूर्यास्तानंतर दीड तासाच्या आत संधिप्रकाश संपतो. यलोस्टोन ४४ अंश उत्तरेच्याही वर आहे. तिथे जूनमधला सूर्य तिरका उतरतो. तो नऊच्या सुमाराला मावळतो आणि काळोख पुरता दाटायला साडेअकरा वाजून जातात. हा अडीच तासांचा संधिप्रकाश म्हणजे तिथल्या प्राण्यांचा कामाचा वेळ. दिवसा सावलीत बसलेली एल्क हरणं उघड्यावर येतात. बायसनचे कळप लामार आणि हेडन खोऱ्यांत पसरतात. सप्टेंबरात एल्कचे नर माद्यांसाठी शीळ घालतात, आणि एवढ्या थोराड जनावराच्या गळ्यातून इतका बारीक, उंच स्वर निघतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. लांडग्यांचं ओरडणंही याच वेळी ऐकू येतं. १९२६ पर्यंत माणसाने इथले लांडगे मारून संपवले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, म्हणून आज तो आवाज पुन्हा आहे.

संध्याकाळी प्राणी दाखवण्याची यलोस्टोनमधली परंपरा जुनी आहे, आणि तिची सुरुवात वाचताना अंगावर काटा येतो. हॉटेलांचा कचरा उघड्यावर टाकला जाई आणि तो खायला अस्वलं जमत. लोकांना हे आवडतं म्हटल्यावर उद्यानानेच त्याचा कार्यक्रम केला. १९३१ पासून कॅन्यन भागात ऑटर क्रीक इथे रोज संध्याकाळी खरकटं टाकलं जाई, समोर बाकांवर शेकडो पर्यटक बसत, वनरक्षक माहिती सांगे आणि पुढ्यात ग्रिझली अस्वलं भांडत खात. १९४१ च्या हंगामानंतर हा खेळ थांबला, पण कचऱ्याचे उघडे ढीग राहिले. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी १९५९ पासून ग्रिझलींचा अभ्यास केला, पुढे त्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे घालून माग काढला आणि सांगितलं की ढीग बंद करा, पण हळूहळू. उद्यानाने ते १९७० च्या आसपास झटपट बंद केले. खायची सवय लागलेली अस्वलं तंबूंकडे आणि गावांकडे वळली, आणि कित्येक मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा यलोस्टोन आणि भोवतालच्या प्रदेशात १३६ उरल्याचा अंदाज होता. आज ती हजाराच्या घरात आहेत.

आजचे नियम या इतिहासातून आले आहेत. प्राण्यांना खाऊ घालायचं नाही. अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर आणि बाकीच्या प्राण्यांपासून २३ मीटर लांब राहायचं. लांडग्यासारखं ओरडून किंवा एल्कची शीळ काढून त्यांना बोलवायचं नाही. आणि प्राणी पाहण्यासाठी त्यांच्यावर दिव्याचा झोत टाकायचा नाही. हा शेवटचा नियम कित्येक पर्यटकांना खटकतो. मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. प्राण्याला उजेडात ओढायचं नाही, आपण त्याच्या अंधारात शिरायचं. ते जमतं, कारण डोळ्यात त्याची सोय आहे.

ही सोय कशी काम करते ते पाहायला ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्याइतकी चांगली जागा नाही. शंभर मीटरहून रुंद असा हा झरा मध्यभागी गर्द निळा आणि कडेला पिवळा, नारिंगी, तांबूस आहे. निळा रंग खोल, नितळ पाण्याचा, तर कडेचे रंग उष्णतेत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या थरांचे. दिवसा नारिंगी रंग डोळ्यात भरतो. दिवस मावळू लागला की तोच आधी काळवंडतो आणि निळा मागे रेंगाळतो. झऱ्यात काहीच बदललेलं नसतं, बदलतो तो आपला डोळा. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये नेमकं हेच नोंदवलं होतं. पहाटेच्या मंद उजेडात निळा रंग आधी दिसू लागतो आणि दिवसा झळकणारा लाल काळा दिसतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचं काम मंद उजेडात थांबतं आणि निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देणाऱ्या दंडपेशी ते हाती घेतात.

दंडपेशी मंद उजेडात कशा पाहतात या रहस्याशी फ्रान्झ बोल यांचं नाव जोडलेलं आहे, आणि ते घेतल्याशिवाय पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं. १८७६ मध्ये हे तरुण जर्मन शास्त्रज्ञ रोममध्ये बेडकांवर काम करत होते. अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल लालसर जांभळं असतं आणि उजेड पडला की पाहता पाहता फिकं पडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. बेडूक परत अंधारात ठेवला की रंगही परत येई. पाहणं ही मुळात एक रासायनिक क्रिया आहे, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी बातमी कळताच काम उचललं, दंडपेशींतलं ते रंगीत रसायन वेगळं काढलं आणि सशाच्या दृष्टिपटलावर खिडकीच्या गजांची प्रतिमा उमटवून दाखवली. लोकांनी त्यातून एकच गोष्ट उचलली, की खून झालेल्याच्या डोळ्यात खुन्याचं चित्र सापडेल. ती भाकडकथा पुढे अनेक वर्षं चालली आणि बोल मागे पडले. डिसेंबर १८७९ मध्ये, अवघ्या तिशीत, ते वारले. हे रसायन ‘अ’ जीवनसत्त्वापासून घडतं हे जॉर्ज वॉल्ड यांनी पुढे उलगडलं आणि १९६७ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. या रसायनाचं नाव ऱ्होडॉप्सिन. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो याचमुळे. गाजरातून आपल्याला ते जीवनसत्त्व ज्या नारिंगी द्रव्यातून मिळतं, त्याच कॅरोटिनॉइड कुळातली द्रव्यं ग्रँड प्रिझमॅटिकच्या कडेला रंग देतात. झऱ्याचा रंग आणि तो मावळताना पाहणारी दृष्टी एकाच रासायनिक घराण्यातली निघते, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

अंधारात ऱ्होडॉप्सिन भरून येणं हे दही लागण्यासारखं आहे. विरजण घातलं की भांडं हलवायचं नाही, घाई करायची नाही. शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जमेल तेवढं जुळवून घेतात, पण दंडपेशी पुरत्या तयार व्हायला अर्धा तास तरी लागतो. तेवढ्या वेळात डोळ्याची संवेदनक्षमता सुमारे लाख पटींनी वाढते. मध्येच कुणी मोबाइल उघडला की दही मोडलं, विरजण पुन्हा लावा. गाईड लाल दिवा वापरतात तो यासाठी. गडद लाल प्रकाश ऱ्होडॉप्सिन फारसा शोषत नाही. सेलिग हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की तयार डोळ्यातल्या दंडपेशींनी पाच ते चौदा फोटॉन टिपले तरी माणसाला उजेडाची जाणीव होते. लांडग्याच्या आणि हरणाच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थरही असतो, त्यामुळे त्यांना आपल्याहून अधिक दिसतं. पण आपला डोळाही दुबळा नाही. आपण त्याला तो अर्धा तास देत नाही एवढंच.

असा तयार डोळा घेऊन वर पाहिलं की मराठी माणसाला आकाश ओळखीचं आणि तरी परकं वाटतं. मुंबईत क्षितिजापासून १९ अंशांवर असणारा ध्रुवतारा इथे ४४ अंशांहून वर, क्षितिज आणि माथा यांच्या मध्यावर. सप्तर्षी इथे कधी मावळतच नाहीत. मूळ नक्षत्र जेमतेम क्षितिजावर येतं आणि बहुधा डोंगराआडच राहतं. अगस्त्य तर कधीच उगवत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात रात्र चढत जाते तशी देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. तिच्याकडे थेट पाहू नका, किंचित बाजूला पाहा, कारण दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात. मग तो धूसर डाग उमटतो. त्यातला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला आहे, म्हणजे यलोस्टोनचा पहिला महाउद्रेक व्हायच्या आधी. तुम्ही उभे आहात ती जमीन तो वाटेत असताना तीनदा फुटली, आणि त्याचा प्रवास संपतो तो तुमच्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनच्या रेणूपाशी.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. प्राणी आणि तारे दोन्ही हवे असतील तर सप्टेंबर उत्तम, कारण तेव्हा काळोख लवकर पडतो. उद्यानाचा बराच भाग दोन हजार मीटरहून उंच आहे, त्यामुळे ऑगस्टमध्येही रात्री स्वेटर आणि कानटोपी लागते. थंड हवेत झऱ्यांची वाफ दाट होते आणि तारे झाकते, म्हणून आकाश पाहायला झऱ्यांपासून दूरची जागा धरा.

आणि ज्यांना अमेरिकेला जायचं नाही त्यांच्यासाठी विदर्भात पेंच आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले. वाघ परत आणायला पिढ्या जातात, नदी स्वच्छ करायला कोट्यवधी रुपये लागतात. अंधार मात्र दिव्याला झाकण लावलं की त्याच रात्री परत येतो. तुमच्या ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय काढा. जो दिवा रस्त्याऐवजी आभाळ उजळतो, त्याला झाकण लावून घ्या.