नवऱ्यामागे राहिलेलं देणं

मागच्या खेपेला आपण 'ऋण' या कल्पनेवर बोललो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी सगळी उजळणी झाली आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एक ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, ती ऋणं कळली. पण आमच्या ह्यांनी फ्रीज आणि वॉशिंग मशीन हप्त्यावर घेतलं होतं. ते गेले. आता हप्त्यासाठी रोज फोन येतात. ते मी फेडायचं का?" आम्ही तेव्हा 'पुढच्या वेळी सविस्तर बोलू' म्हणून वेळ मारून नेली. आज ते देणं चुकतं करायचं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आम्ही वकील नव्हे, पण हा भाग समजायला अवघड नाही. केवळ लग्न झालं म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोच्या अंगावर येत नाही. कर्ज हा करार आहे आणि करार सही करणाऱ्याला बांधतो. तो माणूस वारला म्हणून कर्ज बुडत नाही हे खरं. पण ते उठून बायकोच्या खांद्यावरही बसत नाही. ते त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर बसतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ हेच सांगतात: मृताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. समजा, मागे राहिलं पन्नास हजारांचं आणि देणं आहे ऐंशी हजारांचं. वरच्या तीस हजारांसाठी बाईच्या पगाराला किंवा तिच्या स्वतःच्या ठेवीला हात लावता येत नाही.

यात एक मेख आहे, ती लक्षात ठेवा. हाती आलेल्या मालमत्तेचं काय केलं याचा हिशेब वारसाला देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरता तो स्वतः अडकू शकतो. आपल्याकडे तेराव्याच्या आतबाहेर नवऱ्याची मोटारसायकल दीर नेतो, घड्याळ भाचा नेतो, खात्यातले पैसे दिवसकार्यात जातात, आणि कुठे काही लिहिलेलं नसतं. म्हणून दुःखातही कुणीतरी एक वही करावी. काय होतं, कुणाकडे गेलं, कशावर खर्च झालं.

आता घरातल्या वस्तू. घरात आहे ते सगळं नवऱ्याचं, असं धरून चालायची आपली सवय आहे. ते खरं नाही. माहेरून आलेलं, रुखवतात मांडलेलं, लग्नात तिला मिळालेलं, तिच्या कमाईतून घेतलेलं हे सगळं तिचं आहे. स्त्रीधन ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, त्यामुळे त्याच्या धनकोचा त्यावर हक्क नाही. नवऱ्याने घेतलेल्या वस्तू त्याच्या, आणि त्या वारशात येतात. तिसरा प्रकार भाडे-खरेदीचा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तिथे वस्तूची मालकी विकणाऱ्याकडेच राहते. अशी वस्तू नवऱ्याची कधी झालेलीच नसते, म्हणून करारानुसार ती परत मागता येते. हल्लीच्या मासिक हप्त्यांत मात्र बहुतेकदा वस्तू ग्राहकाची होते आणि उरतं ते कर्ज. आपला कागद कोणत्या जातीचा आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

आणि जप्तीचा हुकूम झाला तरी चूलबोळकी उचलून नेता येत नाहीत. त्याच संहितेच्या कलम ६० मध्ये गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना जप्तीतून सूट आहे. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत अशा दागिन्यांनाही आहे. मंगळसूत्राचा विचार इंग्रजांच्या अमदानीतल्या कायद्याने केला होता, हे आम्हांला पहिल्यांदा वाचताना नवल वाटलं. फ्रीज मात्र या यादीत नाही.

बाई अडकते ती सहीने. ती सहकर्जदार असेल तर कर्ज तिचंच आहे. जामीन असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. शिवाय नवरा गेल्यावर वसुलीला आलेला माणूस गोड बोलून एखादा कागद पुढे करतो: "ताई, नुसतं नाव बदलायचंय." त्या सहीने जे देणं तिचं नव्हतं ते तिचं होऊ शकतं. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे, तेही सांगून ठेवतो.

एक गंमत पहा. हा विचार आपल्याकडे नवा नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत ऋणादानाच्या प्रकरणात स्त्रीने कोणतं ऋण फेडावं ते मोजून सांगितलं आहे: तिने स्वतः कबूल केलेलं, पतीबरोबर मिळून काढलेलं आणि स्वतः काढलेलं. याखेरीज नाही. आजचा जामीन, सहकर्जदार आणि कर्जदार हेच की! मृताचं ऋण कुणी फेडावं, तर आधी ज्याने त्याचं धन घेतलं त्याने, असंही तिथे आहे. पण त्याच परंपरेत मुलावर मात्र धन मिळो न मिळो, बापाचं ऋण फेडण्याचा धर्म लादला होता. मुंबई इलाख्यात तो न्यायालयातही चालत असे. १८६६ च्या कायद्याने इथे वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती आणली. विधवेशी लग्न करणाऱ्याला तिच्या पहिल्या नवऱ्याचं कर्ज केवळ त्या लग्नामुळे चिकटत असे, तेही याच कायद्याने थांबवलं. पुनर्विवाहाचा कायदा होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. मुलाच्या धर्मकर्तव्याचा उरलेला आधार २००५ च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरता काढून घेतला.

मुसलमान कुटुंबांत वाटणीआधी देणी फेडायची असतात, आणि न दिलेला मेहेर हेही नवऱ्याचं देणंच. तिथे बायकोच धनको असते. गोव्यात पतिपत्नींची मिळकत साधारणपणे समाईक धरतात, तिथला हिशेब वेगळा. गोव्याच्या श्रोत्यांनी तिथल्या वकिलाला विचारावं.

मग इतकं सगळं स्पष्ट असताना बायका का फेडतात? आता आम्हांला घरची गोष्ट सांगावी लागेल.

१९८४ साली आमचे थोरले बंधू अचानक वारले. त्यांनी एका दुकानातून शिलाई मशीन आणि लोखंडी कपाट हप्त्यावर घेतलं होतं. महिन्याभराने दुकानदार दारात आला. आम्ही तेव्हा महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवत होतो. आम्ही वहिनींना म्हणालो, "वहिनी, दादाच्या नावाला बट्टा नको. फेडून टाकू." 'टाकू' म्हणालो खरे, फेडलं त्यांनी. माहेरच्या दोन पाटल्या मोडल्या.

दादांचा वाडा आणि शेतीतला हिस्सा कायद्याने वहिनींना, मुलांना आणि आमच्या आईला मिळायला हवा होता. तो आमच्याच वहिवाटीत राहिला. कुणी वाटणी मागितली नाही, आम्ही काढली नाही. भाताची पोती आमच्या घरी येत राहिली. याज्ञवल्क्याच्या नियमाने पाहिलं तर दुकानदाराने आमच्याकडे यायला हवं होतं. आम्ही स्मृती वर्गात शिकवत होतो, पण हे आमच्या डोक्यात आलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी हे ऋणाचं प्रकरण पुन्हा वाचताना आलं. तोवर वहिनी गेल्या होत्या.

'मशीन तर त्याच वापरत होत्या ना?' असं कुणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे. वस्तू ठेवायची असेल तर तिची उरलेली किंमत द्यावी, नाहीतर ती परत करावी, असं आम्हांलाही वाटतं. पण हे वस्तूच्या किमतीपुरतं. दंडव्याज, चुकलेल्या हप्त्यांचा दंड, आणि 'नवऱ्याचं नाव' या गोष्टी त्यात येत नाहीत. आणि ती निवड तिची असावी, दिराची नव्हे.

मागच्या रांगेतल्या ताई आज आल्या आहेत. कर्जाचा कागद पिशवीत आहे म्हणाल्या. व्याख्यान संपलं की खाली बसू आणि आधी त्यावर सही कुणाकुणाची आहे ते बघू.