चिकणा आणि खत्मी

पावसाळ्याअखेर बोरिवली-मुलुंडकडील मोकळ्या जागांत पिवळसर फुलांचें व हृदयाकृति मऊ पानांचें एक लहान झुडुप दिसतें. तोच चिकणा, म्हणजे आयुर्वेदांतील ‘बला’. चरकसंहितेंत तिची गणना बल्य द्रव्यांत केली आहे. मुळाचा क्षीरपाक करावयाचा तो असा: औषध १ भाग, दूध ८ भाग व पाणी ३२ भाग घेऊन, दूध तेवढें उरेपर्यंत मंदाग्नीवर आटवावें.

हकिमांची खत्मी ही जास्वंद-भेंडीच्या याच कुळांतली. मात्र ती मूळची युरोप व पश्चिम आशियांतील. तिचें मूळ थंड पाण्यांत भिजविलें असतां बुळबुळीत रस सुटतो. कोरड्या खोकल्यांत तो घशास मृदुता देतो. इतर औषधें मात्र त्यासोबत घेऊं नयेत. त्यांचें शोषण मंदावतें.

कुळ एक म्हणून गुणहि एकच, असें समजूं नये. चिकण्यांत एफेड्रिन असतें. तें हृदयाची गति व रक्तदाब वाढवितें. अशा द्रव्यांच्या पूरक औषधांवर अमेरिकेनें २००४ सालीं बंदी घातली ती याच भयास्तव. यास्तव घरांतील रक्तदाब अथवा हृद्रोग असलेल्या वडीलधाऱ्यांस, तसेंच गर्भिणीस व मुलांस, वैद्यांस विचारल्यावांचून हा क्षीरपाक देऊं नये.